आठ हजार एकशे एक्याण्णव वाल

१

आईच्या गळ्याची शप्पथ, मी सांगतोय त्यातला शब्द न शब्द खरा आहे. आता, आईने मला बजावलंय की तिच्या गळ्याची शपथ घ्यायची नाही, मध्यंतरी तिला खोकला झाला होता. म्हणून अर्धी शपथ पकड. बाकी थोडं इकडेतिकडे झालं असेल, पण वालांचा आकडा पक्का आहे. तो मी मास्तरांकडून तपासून घेतलाय.

तू आपल्या काडेपेटीच्या फॅक्टरीत पॅकिंगला नवीन लागलायस, तुला माहीत नसेल. मी जयदेव, चामटोलीचा. गावात कोणाचा बैल सुटला, कोणाच्या हंड्यात बेडूक निघाला, की पहिलं नाव माझं येतं. दहातून नऊ वेळा बरोबर येतं. घरात आई, म्हणजे पुतळाबाई, थोरला भाऊ धाकलू आणि त्याची बायको आवडी. थोरल्याचं नाव धाकलू का, ते मला विचारू नकोस, मी तेव्हा नव्हतो.

सासरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मूळ म्हणतात. तो शिदोरी घेऊन येतो, ती घरोघर सारखी वाटतात, आणि मग पोरगी चार दिवस माहेरी जाते. आमच्या गावात ळ कोणाच्या तोंडात बसत नाही. आम्ही म्हणतो मूल. मी फॅक्टरीत लागल्यावर ळ शिकलो, तोही ड्युटीपुरता.

आवडीवहिनीला मूळ कधी आलंच नाही. बारवी नदीच्या पलीकडे डोंगरात तिचा पाडा होता. ती सहा वर्षांची असताना पटकी आली आणि आठवड्यात पाडा संपला. मामीने वाढवली, मग मामीही गेली. गावातल्या बायकांची मुळं यायची तेव्हा वहिनी मागच्या दारी भांडी घासायची. घासलेली भांडी परत घासायची.

एक्कावन्न सालच्या शिमग्याला मी पळत आलो आणि तिला म्हटलं, वहिनी, तुझं मूल आलंय, वेशीवरच्या आंब्याखाली उभं आहे, लाजतंय.

ती भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हाताने धावली. आंब्याखाली माझे चार दोस्त बसले होते, हसायला. ती परत आली, उरलेल्या भाकऱ्या थापल्या. माझ्या ताटात रोज तीन असायच्या, त्या दिवशीही तीनच वाढल्या. शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

२

आठ दिवसांनी रविवार होता. मला सुट्टी. ऊन असं की कोंबड्या गाडीखालून हलत नव्हत्या. आई मागच्या अंगणात वाल पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता, फस्स आणि मग टकटक टकटक. मी माजघरात लोळत तो आवाज ऐकत होतो. थोड्या वेळाने आई पाणी प्यायला आत आली. सूप तिच्या काखेत होतं.

टकटक चालूच होती. पुढच्या ओटीवर.

ओटीवर एक माणूस बसला होता. पांढरं धोतर, डोक्याला फडकं, ते कपाळावरून एवढं खाली ओढलेलं की तोंड दिसत नव्हतं. समोर टोपली, आणि टोपलीतले वाल तो मोजून जमिनीवर ठेवत होता. आईने विचारलं, कोन रं बाबा तू?

"आवडीचं मूल," तो म्हणाला. "आंब्याखाली आठ दिस उभा व्हतो. कोन बोलवाया आलं नाय, म्हनून आपनच आलो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धाकलूदादाने तर विचारलंच की ह्याला कुठून पकडून आणलास. मी सांगितलं की मी नाही. कोणाचा विश्वास बसला नाही. बसणार कसा, माझा स्वतःचाही नीट बसत नव्हता. मी मनात चौघा दोस्तांची नावं घेतली, कोणी पाठवला असेल म्हणून. पण त्या चौघांत मिळून एक टोपली वाल विकत घेण्याइतकी ऐपत नव्हती.

वहिनी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

३

मी तांब्या घेऊन गेलो. पाणी दिलं तर त्याने घेतलं नाही. तांब्या मात्र उचलला आणि चपलांच्या ओळीत बरोबर मधोमध ठेवला. चपलाही त्याने जोडीजोडीने लावल्या होत्या. माझ्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, म्हणून दुसरीचाही तोडला होता.

मी विचारलं, वाल किती आणलेत?

तो म्हणाला, येकाचं दोन, दोनाचं चार, असं तेरा वेला. मी बोटं मोजत गेलो. आठ हजार एकशे ब्याण्णव येतात. तो म्हणाला, बत्तीस घरं, घरागनिक दोनशे छप्पन. येकबी उरत नाय. उरला नाय की निगायचं.

चामटोलीत तेव्हा घरं होती एकतीस. मी सांगितलं त्याला. म्हटलं, बत्तिसावं कुठलं?

"आवडी जानार ते," तो म्हणाला.

आता बघ, माणसाने अशा वेळी काय करावं? आरडाओरडा करावा, दादाला बोलवावं, देवाचं नाव घ्यावं. मी ह्यातलं काही केलं नाही. माझा हात आपोआप पुढे गेला, ढिगातला एक वाल उचलला आणि तोंडात टाकला. शहाणपण म्हणून नाही. खोडी म्हणून. कोणी मोजत बसलं की मला राहवत नाही, लहानपणापासून. कच्चा वाल होता, कडू. चव नदीच्या तळच्या चिखलासारखी. गिळला.

त्याने पाहिलं नाही. मोजत राहिला. एकतीस ढीग दोनशे छप्पनचे झाले. बत्तिसावा झाला दोनशे पंचावन्नचा.

टकटक थांबली. मग त्याने दोन्ही हातांनी सगळे ढीग एकत्र लोटले आणि पुन्हा सुरुवात केली. घरागणिक नाही तर आळीगणिक, आळीगणिक नाही तर कुळागणिक. दोन वाटे केले, एक वाल उरला. तीन वाटे केले, एक उरला. पाच केले, एक. सात केले, एक. दर वेळी उरलेला तो एक वाल उचलून डोळ्यांसमोर धरायचा आणि बघत बसायचा. मला वाटायला लागलं की दर वेळी तोच वाल उरतोय.

ऊन उतरलं तेव्हा त्याने टोपली भरली. उद्या, म्हणाला, आणि गेला. कुठे ते कोणी पाहिलं नाही.

वहिनी आत लुगडी गाठोड्यात बांधत होती. मी तिला म्हटलं, वहिनी, जाऊ नकोस, तो कोणी तुझा नाही. तुझ्या पाड्यात आता उंबरासुद्धा नाही, तो नेणार कुठे? आई म्हणाली, आता तुला दया आली काय. दादा म्हणाला, लांबचा कोणी असेल, चार दिवस जाऊन येईल. वहिनीने गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली, आणि शिमग्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"खरा असू दे नायतर खोटा असू दे, जयदेव. आला तर हाय."

४

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर मी अंबरनाथ पश्चिमेला श्यामकांत मास्तरांकडे गेलो. ते निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीतल्या शाळेत गणित शिकवायचे आणि आमच्या फॅक्टरीच्या पोरांना फुकट अर्ज लिहून द्यायचे. मी दमलो होतो, ळ विसरलो.

"मास्तर, घरी मूल आलंय."

"अरे वा. मुलगा की मुलगी?"

"पुरुष आहे. चाळिशीचा असेल."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं ते राहू द्या, आठ हजार एकशे एक्याण्णवला कशाने भाग जातो तेवढं सांगा. माणूस रिकामा होता. काडेपेटीच्या छापांचा एक गठ्ठा मी त्यांना देऊन ठेवला होता, कोऱ्या बाजूला लिहायला. त्यांनी भागायला घेतलं. अकराने सात उरले. सतराने चौदा. एकोणिसाने दोन. तेविसाने तीन. असं करत करत एकोणनव्वदला आले, पुन्हा तीन उरले, आणि पेन्सिल खाली ठेवली.

मी म्हटलं, पुढे करा की.

"गरज नाही. एक्याण्णव गुणिले एक्याण्णव केलेस की आकडा ह्या संख्येच्या पुढे जातो. मोठ्या आकड्याने भाग जात असेल तर त्याच्या जोडीला लहान असतोच. लहान कोणी सापडला नाही, म्हणजे मोठाही नाही. हिला म्हणतात मूळ संख्या."

"काय संख्या?"

"मूळ," मास्तर म्हणाले. स्वच्छ ळ.

ओटीवर एक मूळ येऊन बसलंय, आणि त्याच्या टोपलीत दुसरं. मी त्यांना सगळं सांगितलं, एकाचे दोन, दोनाचे चार, तेरा वेळा, आणि त्यातला एक मी खाल्ला. मास्तरांना घरातल्या माणसाचं काही वाटलं नाही, पण तेरा ऐकून ते उठून उभे राहिले. म्हणाले, नशीबवान आहेस. दुप्पट करत जायचं आणि एक काढायचा, अशी संख्या दर वेळी मूळ निघत नाही. त्याने अकरा वेळाच केलं असतं तर एक काढून दोन हजार सत्तेचाळीस राहिले असते. तेवीस गुणिले एकोणनव्वद. बरोबर वाटणी.

म्हणजे दोनदा कमी दुप्पट केलं असतं तर मी वाल खाऊनही वहिनी गेली असती. मी पायऱ्या उतरायला लागलो. मास्तर वरून ओरडले, पण दोन भाग लक्षात ठेव. मूळ संख्येला दोन आकड्यांनी भाग जातोच. एकाने. आणि त्याच संख्येने.

५

मी ड्युटीवर होतो त्या दिवशीही तो येऊन गेला होता, अकरापासून एकोणऐंशीपर्यंत वाटे करून. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीला दांडी मारली. तो बाराला आला. कधी आला ते कळलं नाही, टकटक ऐकू आली म्हणजे आला. वहिनी गाठोडं घेऊन उंबऱ्याच्या आत बसली. दादा शेतावर गेला नाही. आईने काम काढलं नाही, नुसती बसली, आणि माझ्या आईला नुसतं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्र्याऐंशी वाटे केले. सत्तावन्न उरले. आवरले. एकोणनव्वद वाटे केले, सगळी ओटी भरली, आमचे पायसुद्धा त्याने हळूच सरकवून मध्ये ढीग लावले. बोटं लागली मला. गार नव्हती, गरम नव्हती. तीन वाल उरले.

मी वाट बघत होतो की तो आता एक्याण्णव करेल, शंभर करेल, महिनाभर करत बसेल. नाही. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. नव्वदीच्या पुढे जायची गरज नाही हे त्यालाही माहीत होतं. त्याला कोणत्या मास्तरांनी शिकवलं?

मग त्याने सगळे वाल एका ढिगात ओढले आणि तो ढीग हळूहळू, तळव्याच्या कडेने, वहिनीच्या पुढे सरकवला.

"मंग येकच वाटा," तो म्हणाला. "येक घर. येकबी उरत नाय. चल, बाय."

वहिनी उठली.

आणि माझी आई, जिने चार वर्षांत सुनेला माहेर नाही म्हणून चार हजार टोमणे मारले असतील, ती हात टेकून उभी राहिली आणि वहिनीच्या आणि त्या ढिगाच्या मध्ये येऊन पाय पसरून बसली.

"येका घरात ठेवली ती शिदोरी कसली?" ती म्हणाली. "शिदोरी वाटायची असते. आमची रीत हाय. ज्याला वाटता येत नाय त्याच्याबरबर माजी सून मी धाडत नाय. माहेर नसंल तिला. सासू हाय ना."

आई, आणि भांडणात हळू आवाज. पहिल्यांदा.

त्याने मान वर केली. फडकं मागे सरलं. मी पाहिलं ते एका क्षणापुरतं, आणि जास्त विचारलंस तर मी नाही म्हणेन. तोंड माणसाचंच होतं. दोन डोळे, नाक, ओठ. पण तुझ्या माझ्या तोंडाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक भुवई वर असते, एका गालावर देवीचा वण असतो. त्याच्या दोन्ही बाजू एकच होत्या. कागद मधोमध दुमडून कापावा तसं. उजवीकडे जो वण, तोच डावीकडे. तेवढंच.

आईने ते पाहिलं. ती हलली नाही.

त्याने वाल गोळा करायला घेतले. टोपली भरली, उठला, आणि ओटीच्या कडेशी थांबून पाठमोराच विचारलं की किती घरं असली म्हंजे बसंल?

इथे गप्प बसायचं होतं. पण मला प्रश्नाचं उत्तर येत असलं की राहवत नाही.

"आठ हजार एकशे एक्याण्णव," मी म्हणालो.

तो उतरला आणि रुळांच्या बाजूने कल्याणकडे चालायला लागला. उजवं पाऊल, डावं पाऊल, दोन्ही सारखी.

६

एवढी घरं कुठे आहेत ते तुला सांगायला नको. कॅम्प. नाव उल्हासनगर केलंय, पण आम्ही कॅम्पच म्हणतो. लष्कराच्या बराकी, त्यात सिंधी माणसं, एका बराकीत वीस बिऱ्हाडं.

श्रावणात मी दादासाठी घोंगडी बघायला गेलो होतो. एका बराकीसमोरून चाललो आणि पाय थांबला. प्रत्येक उंबऱ्यावर एक वाल. एकच. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुढच्या बराकीतही.

एका दारात मोतीबाई नावाची सिंधी बाई बिड्यांची पानं कापत बसली होती. तिला विचारलं. म्हणाली, "एक आदमी आता है, दोपहर में. दाना रखता है, गिनता है, फिर सब उठा लेता है. रोज." मी घाबरत विचारलं की जमतं का त्याचं. तिने मला आत बोलावलं. खोलीच्या मधोमध गोणपाटाचा पडदा होता. अलीकडे ती, पलीकडे तिचा दीर.

"अब ये एक घर है कि दो?" तिने विचारलं.

मला सांगता येईना.

"उसको भी नहीं आता," ती म्हणाली. तो आला की ती पडदा काढते आणि पाठ फिरली की परत लावते. तिला काही माहीत नव्हतं, मूळ नाही, संख्या नाही. बस्, मोजत बसलेला माणूस दिसला की तिलाही राहवत नाही. आणि ती एकटी नव्हती. त्या बराकीत कोणी पोटमाळा काढत होतं, कोणी भिंत पाडून दुकान काढत होतं, कोणाचा भाऊ कराचीहून चार वर्षांनी सापडून आला होता, त्याला ओसरीत खोली काढून देत होते. रोज घरं वाढायची, रोज दोनाचं एक व्हायचं. आकडा एका जागी उभाच राहत नव्हता.

मी त्या बाईच्या पाया पडलो. तिला वाटलं उधार मागतोय.

७

पण सगळं कॅम्पावर टाकून कसं चालेल? कधीतरी त्याचं बसेल. आईने तर तो गेला त्याच आठवड्यात उपाय काढला होता. ती उठली आणि शेजारच्या जांभूळ गावात माझ्या दोस्ताच्या, सखाच्या घरी गेली. शिमग्याला आंब्याखाली सगळ्यात मोठ्याने तो हसला होता. तिने त्याला सांगितलं, हसलास ना, आता भर. शिदोरी घेऊन ये, तू आवडीचा भाऊ. दरसाल खरं मूळ येऊन गेलं की त्याला ओटीवर बसायला जागा नाही.

सखा आला. मान खाली, डोक्यावर टोपली. मागे त्याची आई, पोरगा नीट बोलतो की नाही बघायला. वहिनी चार दिवस जांभूळला राहून आली, बांगड्या भरून आली. आल्यावर त्यांच्या घरची कढी कशी पातळ ते आईला तासभर सांगत होती, आणि माहेराला नावं ठेवायला मिळालेली बाई किती खूश असते ते मी त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या वर्षी दुसरा दोस्त, मग तिसरा, चौथा. मग मास्तर स्वतः आले, टोपलीत पेढे, आणि पेढे किती ते घरं मोजून आणलेले, कारण वाटता आलेच पाहिजेत. गेल्या वर्षी मोतीबाई आली. बाई कुठे मूळ म्हणून येते, असं गावातली जनी म्हणाली. आई म्हणाली, आमच्यात येते. वहिनीला आता माहेरं सहा आहेत, आणि तिसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली, सरू. तिला ळ येतो. मास्तर शिकवतात.

ह्या सहा वर्षांत तो ओटीवर आला नाही. आंब्याखाली मात्र शिमग्यानंतर कोणी बसत नाही. का, ते विचारलं तर लोक म्हणतात, मुंग्या आहेत.

तर ही गोष्ट. फुकट नाही हां. खिशात हात घालू नकोस, पैसे नकोत. तू अख्खी जेवणाची सुट्टी ऐकलंस, तीन ठिकाणी हसलास, मी मोजलंय. आता भर. ह्या वर्षीचा भाऊ मिळालेला नाही, आणि सातवा तू. घरं आता एकेचाळीस झालीत, पुन्हा मोजू नकोस, आणायचं ते एकेचाळीस ठिकाणी सारखं वाटता येईल असं आण. तुझ्या आईला सांगून ठेव, वहिनी चार दिवस राहील, तिखट कमी खाते. रविवारी ये.

बाराच्या आत ये पण. आई ओटी झाडून ठेवते, आणि झाडलेली जागा बारानंतर रिकामी राहत नाही.